संगणकाच्या घरी आलेला पाहुणा



मध्यंतरी इंदापूर तालुक्यातील एका शाळेत विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमासाठी गेलो होतो. भाषण आटोपल्यावर मुख्याध्यापकांनी मोठ्या अभिमानाने संगणक कक्ष दाखवला. दहा-बारा संगणक, प्रत्येकावर धुतलेले कापडी आच्छादन, खिडकीला बारीक जाळी आणि भिंतीवर ठळक अक्षरांत सूचना : 'सरांना विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नये.' नववीतला एक मुलगा मघापासून माझ्या मागे मागे होता. त्याने हळूच विचारले, "सर, यातली विंडोज काढून टाकली तर आत काय उरते?"

संगणकाचे शिक्षक दचकलेच. "असले काही करायचे नसते," असे सांगून त्यांनी त्याला वर्गात पिटाळले.

त्या शिक्षकांना मी दोष देणार नाही. एखादा संगणक बंद पडला तर दुरुस्तीचा माणूस बारामतीहून यायचा, तो येईल तेव्हा खरा. तोवर एकेका यंत्रावर पाच-पाच मुले बसवायची. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तशीच पाटी लावली असती. पण त्या मुलाचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. भौतिकीच्या प्रयोगशाळेत आम्ही मुलांना परिपथ जोडू देतो, चुकू देतो, फ्यूज उडाला की नवा घालतो. संगणकाच्या खोलीत मात्र मुलाने फक्त ठरलेली बटणे ठरलेल्या क्रमाने दाबायची. याला आपण संगणकशिक्षण म्हणतो. माझ्या मते हे टंकलेखनाच्या वर्गापेक्षा फारसे वेगळे नाही. त्या वर्गात निदान बोटांना वळण तरी लागत असे.

यावर एक तोडगा आहे, आणि तो बिनपैशाचा आहे. प्रत्येक मुलाला मोडण्यासाठी एक स्वतंत्र संगणक द्यावा, असे माझे म्हणणे आहे. हसू नका. हा संगणक लाकडी खोक्यात भरून येत नाही. तो शाळेत असलेल्या संगणकाच्या पोटातच बसतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, मराठीत 'आभासी यंत्र'.

'आभासी' हा शब्द तुम्हाला प्रकाशाच्या धड्यातून ठाऊक आहे. सपाट आरशातली प्रतिमा आभासी असते, ती पडद्यावर घेता येत नाही. अंतर्गोल आरशाने मिळणारी वास्तव प्रतिमा घेता येते. मग आभासी यंत्र म्हणजे नुसते दिसणारे, काम न करणारे यंत्र का? तसे मुळीच नाही. आरशातल्या आंब्याने पोट भरत नाही, पण आभासी यंत्रात केलेली बेरीज खरी असते, त्यात लिहिलेले पत्र खरे असते आणि त्यात शिरलेला विषाणूही खराच असतो. आभास आहे तो एवढाच, की त्या यंत्राला स्वतःची इलेक्ट्रॉनिक मंडले नाहीत. म्हणून हा प्रतिशब्द मला थोडा खटकतो. पण तो आता रुळला आहे, तेव्हा आपणही तोच वापरू.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. तुमच्या शाळेतल्या संगणकावर बहुधा विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, असेल. प्रोसेसर कोणाला किती वेळ द्यायचा, स्मृतीचा कोणता कप्पा कोणाचा, डिस्कवर काय कोठे लिहायचे, हे सगळे तीच ठरवते. घरात कर्ता माणूस एकच असावा, तसे. आता या विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्ससारखी एक आज्ञावली बसवायची. ती एक चौकट उघडते आणि त्या चौकटीत एक संपूर्ण यंत्र असल्याची बतावणी करते : हा घे तुझा प्रोसेसर, ही तुझी दोन जीबी स्मृती, ही तुझी पंचवीस जीबी डिस्क, हा पडदा, ही ध्वनीची सोय. त्या चौकटीत तुम्ही लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली बसवता. बाहेरची विंडोज झाली यजमान, आतली लिनक्स झाली पाहुणी. गंमत अशी, की आपण पाहुणे आहोत हे या पाहुण्याला सांगावे लागत नाही. घर आपलेच आहे, अशा थाटात तो वावरतो.

पाहुण्याची पंचवीस जीबीची डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक साधी फाइल असते, आणि आत जेवढे लिहिले जाईल तेवढीच ती बहुधा फुगते. पाहुण्याची स्मृती मात्र खरी लागते. दोन जीबी दिली की ती यजमानाच्या हातून गेली. याचा त्रास कोठे होतो ते पुढे सांगतो.

आता मुख्य अडचण. दोन कर्ते एका घरात कसे नांदायचे?

बारामती आणि इंदापूरच्या मुलांना हे समजावून सांगणे सोपे आहे. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले की काय होते, ते तुम्ही पाहिलेलेच असते. पाणी एकच, शेतकरी अनेक. ज्याची पाळी असते त्याच्या शेतात चारीचे पाणी वळते, आणि तेवढा वेळ तो सगळा प्रवाह त्याचाच असतो. पाळी संपली की पाणी पुढच्याकडे. कालव्याच्या दाराला मात्र शेतकऱ्याने हात लावायचा नाही. ते काम पाटकऱ्याचे. प्रोसेसरचा वेळ हे आपले पाणी समजा. बेरीज, वजाबाकी, तुलना, उचल-ठेव अशा साध्या आज्ञा पाहुणा आपल्या पाळीत थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवतो. मधे कोणी दुभाषा नसतो. म्हणूनच आभासी यंत्र बऱ्यापैकी वेगाने चालते. पण काही आज्ञा दाराला हात लावणाऱ्या असतात : स्मृतीची वाटणी बदला, बाहेरून येणारे संकेत थांबवा, यंत्र बंद करा. अशा आज्ञा पाळण्याचा अधिकार प्रोसेसर फक्त कर्त्यालाच देतो. पाहुण्याने अशी आज्ञा दिली की प्रोसेसर काम थांबवून पाटकऱ्याला हाक मारतो. या पाटकऱ्याचे नाव हायपरव्हायजर. तो येतो, पाहुण्याला काय हवे होते ते पाहतो, त्याच्या बांधाच्या आत तेवढेच करून देतो आणि निघून जातो. पाहुण्याला वाटते, दार मीच उघडले.

ही कल्पना आजकालची नाही. अमेरिकेतील केंब्रिज येथील आयबीएमच्या केंद्रात १९६४ मध्ये तिच्यावर काम सुरू झाले. त्या काळी एक संगणक म्हणजे खोलीभर यंत्रे आणि भली मोठी किंमत. तेव्हा एकाच यंत्रावर अनेकांना 'हा संपूर्ण संगणक माझाच' असे वाटावे, अशी सोय हवी होती. त्यातून सीपी-४० ही प्रणाली १९६७ मध्ये चालू झाली आणि १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० बाजारात आणण्याची घोषणा केली. पुढे १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी एखाद्या प्रोसेसरवर अशी यंत्रे नीट बसवायची तर त्या प्रोसेसरमध्ये काय असले पाहिजे, ते गणिती काटेकोरपणाने मांडले. आपल्या भाषेत त्यांचे म्हणणे असे, की दाराला हात लावणारी एकही आज्ञा हाक न मारता सुटता कामा नये.

आणि नेमकी येथेच आपल्या टेबलावरच्या संगणकांची गोची होती. इंटेलच्या ज्या घराण्यातले प्रोसेसर घरोघर पोचले, त्यांतल्या काही आज्ञा विचित्र वागत. अधिकार नसलेल्याने त्या दिल्या तर दार उघडत नसे आणि हाकही जात नसे. पाहुणा दार उघडले असे समजून पुढे चालू लागे आणि थोड्या वेळाने सगळाच घोळ होई. अशा आज्ञा दहा-वीसच होत्या, पण दुधात मिठाचा खडा केवढा लागतो? व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ मध्ये यावर युक्ती काढली. पाहुण्याच्या कार्यप्रणालीच्या आज्ञा आधी वाचायच्या, त्यांतल्या धोक्याच्या जागी निरुपद्रवी आज्ञा घालायच्या आणि मगच त्या चालवायच्या. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच पाटकऱ्यासाठी वेगळी सोय केली, तेव्हा ही खटपट बरीच कमी झाली. ही सोय पुष्कळ संगणकांत कारखान्यातून बंद करूनच येते. यंत्र सुरू होताना बायॉसमध्ये जाऊन ती चालू करावी लागते. एवढ्या एका गोष्टीपायी आमच्या प्रयोगशाळेत मी सबंध एक दुपार घालवली आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

या सगळ्याचा खटाटोप मी का केला, तेही सांगतो. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरने 'एक्स्पआइज' नावाचे एक छोटे उपकरण तयार केले आहे. तळहातावर मावेल एवढी पेटी. संगणकाला जोडली की दोलनदर्शीचे काम करते, विद्युतदाब मोजते, लंबकाचा दोलनकाल मोजते. आम्हा भौतिकी शिकवणाऱ्यांना असे उपकरण म्हणजे पर्वणीच. त्याची आज्ञावली मुळात लिनक्सवर वाढलेली, आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांवर विंडोज. ती काढायची परवानगी मिळेना आणि मिळाली असती तरी माझी छाती झाली नसती. म्हणून मी पाहुणा आणला. यूएसबीतून जोडलेली पेटी आधी यजमानाच्या हाती लागते. ती पाहुण्याकडे द्यायला एका यादीत खूण करावी लागते. ते न कळल्यामुळे पहिला आठवडा पेटीच बिघडली आहे, असे मी सगळ्यांना सांगत फिरत होतो.

एके दिवशी एका विद्यार्थिनीने मला पेचात टाकले. लंबक झुलत असताना तिने चौकट 'थांबवा' या बटणाने गोठवली, चहा पिऊन आली, पुन्हा चालू केली, आणि पाहुण्याचे घड्याळ दाखवून म्हणाली, "सर, हे घड्याळ मागे पडलेय. मग आपण मोजलेला दोलनकाल तरी खरा कशावरून?"

किती रास्त शंका! पाहुणा गोठतो तेव्हा त्याचे घड्याळही गोठते. आपण मधे थांबलो होतो, याचा त्याला पत्ताच नसतो. नंतर कोणी बाहेरची वेळ सांगितली तर तो काटे पुढे सरकवतो. नुसता गोठवला नाही, तरी त्याची पाळी येईपर्यंत तो थोडा थोडा खोळंबतोच. मग अशा यंत्रात बसून सेकंदाच्या बारीक भागांपर्यंत काल मोजायचा म्हणजे झोपाळूला पहाऱ्यावर बसवल्यासारखे. पण आमचा दोलनकाल बरोबर होता. त्याचे कारण असे, की तो पाहुणा मोजतच नव्हता. एक्स्पआइजच्या पेटीत स्वतःचा लहानसा सूक्ष्मनियंत्रक आहे. लंबकाने प्रकाश अडवला की काल तो मोजतो आणि तयार आकडा संगणकाकडे पाठवतो. हे पटावे म्हणून आम्ही दोन्हीकडे मोजून पाहिले. पेटीचे आकडे एकमेकांशी जुळले. पाहुण्याच्या घड्याळावर काढलेले मात्र मागेपुढे होत राहिले. मोजमाप कोण करतो आणि कोणत्या घड्याळावर, हा प्रश्न पदवीच्या मुलांच्या डोक्यात उतरवायला मला एरवी तीन तास लागतात. त्या दिवशी तो एका बटणाने उतरला.

जुन्या गोष्टी जपायलाही या पाहुण्याचा उपयोग होतो. माझ्या ओळखीच्या एका सहकारी पतसंस्थेत जुनी खातेवही डॉसच्या काळातल्या आज्ञावलीत होती. ती चालवणारा संगणक धापा टाकू लागला आणि नव्या संगणकावर ती आज्ञावली उघडेना. ती सगळी मंडळी उजनीच्या पाण्यात गेलेल्या गावाकडे पाहावे तशी त्या यंत्राकडे पाहत होती. उजनीचे पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ पुन्हा दिसू लागते, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. तसेच येथे झाले. नव्या संगणकात एक आभासी यंत्र तयार केले, त्यात जुना डॉस बसवला, आणि काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत जमा-नावे जशीच्या तशी उभी राहिली. छपाई मात्र होईना, कारण जुना छपाईयंत्राचा जोडच नव्या संगणकाला नव्हता. शेवटी दोघा कारकुनांनी पडद्यावरून आकडे उतरवून घेतले. आभासी यंत्र सगळे काही करते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. संगणकात खोचलेली एखादी जुनी कार्डाची पट्टी त्याला सहसा वापरता येत नाही. चित्रांचे भारी खेळही त्यात रडतखडत चालतात. नुसते गणित करवून पाहिले तर बाहेर आणि आत फरक फारसा जाणवत नाही, पण मोठी फाइल डिस्कवर उतरवायला लावली की पाहुणा मागे पडलेला स्पष्ट दिसतो.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप स्मृतीचा, आणि तो खरा आहे. शाळेच्या संगणकात चार जीबी स्मृती असेल तर तीत विंडोजच जेमतेम बसते; पाहुण्याला जागा देणार कोठून? अशा ठिकाणी अगदी हलकी लिनक्स घेऊन एक जीबीत भागवता येते, पण मुलांना कंटाळा येईल इतकी ती रेंगाळते. आठ जीबी असेल तर काम सुखाने होते. दोनच जीबी असलेल्या संगणकावर हा प्रयोग करूच नये. तेथे पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहावी, ते जास्त शहाणपणाचे. दहा यंत्रांपैकी दोन जरी आठ जीबीची निघाली तरी मला पुरे आहेत.

दुसरा आक्षेप माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतला. तो मला जास्त बोचला. ते रसायनशास्त्राचे. म्हणाले, "काचेचे भांडे फुटते म्हणून तर मुले ते जपून धरतात. तुमच्या या खेळात काहीच फुटत नाही. चूक केली की 'स्नॅपशॉट'वर जा, म्हणजे काल जसे होते तसे झाले. अशाने मुले निष्काळजी होतील."

स्नॅपशॉट म्हणजे आभासी यंत्राची त्या क्षणीची संपूर्ण स्थिती नोंदून ठेवणे. पुढे काहीही उलथापालथ केली तरी एका बटणाने त्या क्षणी परत जाता येते. सहकाऱ्यांचे म्हणणे मी बरेच दिवस घोळवत राहिलो. ते अगदीच चुकीचे नाही. एका मुलाने तर नुसत्या मौजेखातर एका तासात सात वेळा यंत्र मोडले आणि कशाने मोडले ते एकदाही लिहून ठेवले नाही. तो प्रयोग नव्हे, ती मोडतोड. म्हणून मी नियम केला : मोडण्याआधी वहीत लिहायचे, की मी अमुक करणार आणि माझ्या मते तमुक होईल, मोडल्यावर काय झाले ते लिहायचे. वही नसेल तर बटण नाही. सहकारी यावर समाधानी झाले, असे मी म्हणणार नाही; आता भेटले की ते फक्त हसतात. पण मला विचाराल तर माझा कौल पक्का आहे. शाळेतला संगणक आज काचेच्या भांड्यासारखा जपून धरला जात नाही. तो कपाटातच ठेवला जातो. हात न लावता कोणती काळजी शिकायची?

आणि काहीच फुटत नाही, हेही पूर्ण खरे नाही. आमच्याकडे वीज जाते हे सांगायला नको. पाहुणा लिहीत असताना वीज गेली, तर ती डिस्करूपी फाइल नासू शकते आणि तिच्यावर विसंबलेले स्नॅपशॉटही वाया जातात. स्नॅपशॉट म्हणजे वेगळी ठेवलेली प्रत नव्हे. एका विद्यार्थ्याचा अख्ख्या सत्राचा प्रकल्प असा गेला आहे. त्यानंतर सगळेच जण आठवड्याला एक प्रत बाहेर काढून ठेवू लागले.

भिंतही अभेद्य नसते. २०१५ मध्ये असे उघडकीस आले, की आभासी यंत्रे चालवणाऱ्या एका नामांकित आज्ञावलीत फ्लॉपीची नक्कल करणाऱ्या भागात एक दोष होता. त्यातून पाहुण्याला बांध ओलांडून यजमानाच्या घरात शिरता आले असते. दोष २००४ पासून पडून होता. फ्लॉपी वापरणे लोकांनी कधीच सोडले होते, पण तिची नक्कल आत तशीच राहिली होती. तेव्हा विषाणूंशी खेळण्यासाठी हे साधन आहे, असे समजू नका. अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या आज्ञावल्या पाहुण्यातही चालवू नयेत.

मोठ्या जगात आभासी यंत्रांवाचून पान हलत नाही. २००६ पासून अॅमेझॉनसारख्या कंपन्या तासाच्या भाड्याने आभासी यंत्रे देऊ लागल्या, आणि आज तुम्ही मोबाइलवर ज्या ज्या सेवा वापरता, त्यांतल्या पुष्कळ अशाच यंत्रांवर चालतात. यात नोकऱ्या आहेत, असे पालकांना सांगितले की ते लगेच ऐकतात. मला त्यात फारसा रस नाही.

मला रस आहे तो वेगळ्या गोष्टीत. 'संगणक म्हणजे विंडोज' असे मानूनच आपली बहुतेक मुले शाळेबाहेर पडतात. निवडण्याजोगे दुसरे काही असते, हेच त्यांना ठाऊक नसते. केरळमधील सरकारी शाळांत गेली अनेक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकवला जातो. आपल्याच देशातल्या सी-डॅक या संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्स तयार केली आहे. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्यूटोरियल' या प्रकल्पात मुक्त आज्ञावल्या शिकवणारे पाठ मराठी आवाजातही उपलब्ध केले आहेत, आणि ते फुकट आहेत. सामग्री सगळी आहे. त्यातच विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. विंडोज ११ ला जे सुरक्षेचे इलेक्ट्रॉनिक अंग लागते ते पुष्कळ जुन्या संगणकांत नाही. शाळांपुढे आता प्रश्न आहे : चांगली चालणारी यंत्रे भंगारात काढायची, की त्यांवर दुसरी कार्यप्रणाली घालायची? घालून पाहण्यापूर्वी ती आपल्याला झेपते का, आपले मराठी टंकन तीत नीट होते का, निकालपत्रकाचा तक्ता उघडतो का, हे त्याच संगणकात पाहुणा आणून आधी तपासता येते. कोणत्याही मुख्याध्यापकांनी एवढे तरी करून पाहावे. हा निर्णय पुरवठादाराच्या सांगण्यावर सोडू नये.

त्या नववीतल्या मुलाचे सांगायचे राहिले. गेल्या हिवाळ्यात तो आमच्या महाविद्यालयातले विज्ञान प्रदर्शन पाहायला आला. मी त्याला ओळखले आणि एका संगणकापुढे बसवले. चौकटीत लिनक्स चालू होती. स्नॅपशॉट घेतला. वहीत त्याने लिहिले : 'सगळे पुसले तर पडदा पूर्ण काळा होईल, काहीही दिसणार नाही.' मग त्या आभासी डिस्कवरचे सगळे पुसण्याची आज्ञा त्याने स्वतः, एकेक अक्षर तपासून, दिली. बोट कळीवर टेकवून तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, आणि मग दाबले. यंत्र पुन्हा सुरू केले. पडदा काळा झाला, पण पूर्ण नाही. वर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ उमटली, की सुरू करता येण्याजोगे काही सापडले नाही, म्हणून यंत्र थांबवले आहे.

तो बराच वेळ त्या ओळीकडे पाहत होता. मग म्हणाला, "सर, सगळे पुसले ना? मग ही ओळ कोणी लिहिली?"

मी त्याला सांगितले, की खऱ्या संगणकात मुख्य पट्टावरच्या एका वेगळ्या चिपमध्ये बायॉस नावाची छोटी आज्ञावली असते. वीज आली की सर्वांत आधी तीच जागी होते आणि डिस्कवर कार्यप्रणाली शोधते. डिस्क पुसली तरी ती जात नाही. या आभासी यंत्रात त्या चिपचीही नक्कल आहे. त्याने वहीतली आपली ओळ खोडली नाही; तिच्याखाली दुसरी लिहिली. मग स्नॅपशॉटवर जाऊन लिनक्स परत आणली, आणि इंदापूरची एसटी सुटायच्या आत आणखी तीनदा पुसली. दर वेळी डिस्कचा वेगळा भाग पुसून पाहत होता, आणि दर वेळी उमटणारी ओळ वेगळी होती.